पायदळाच्या चालीने

उदगीरच्या लढाईला नाव मिळालं उदगीरचं, पण शेवटचा तडाखा बसला तो औशाच्या बाजूला. १७६० च्या सुरुवातीला निजामाची फौज उदगीरहून निघून धारूरकडे चालली होती. मध्ये तोफा, भोवती माणसं, आणि सगळ्यांची चाल तोफा ओढणाऱ्या बैलांच्या पायाएवढी. मराठा स्वार दिवसरात्र तिच्या कडेनं घिरट्या घालत होते. ३ फेब्रुवारीला सदाशिवरावभाऊंनी तो गोल फोडला आणि निजामाला तहाला बसावं लागलं.

भाऊंच्या बाजूला त्या वेळी इब्राहिमखान गारदी होता. कवायती पायदळ आणि त्याच्याबरोबर चालणाऱ्या तोफा हे त्याचं बळ. वर्षभरानं, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपतावर भाऊंनी गोलाची तीच रचना स्वतः करून पाहिली. सकाळी गारदी पायी, शिस्तीत पुढं सरकत होते आणि समोरचे रोहिले मागं रेटले जात होते. तेवढ्यात शेजारच्या विंचूरकर-गायकवाडांच्या स्वारांना राहवलं नाही. घोडी सुटली. ती गारद्यांच्या पुढं गेली, तोफांच्या तोंडासमोर आली आणि आपलीच माणसं मरतील म्हणून तोफा थोपवाव्या लागल्या, असं सांगितलं जातं. पानिपतावर कोण चुकलं यावर आपल्याकडं अजून हमरीतुमरी होते. मला त्यात पडायचं नाही. मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे: घोडा, माणूस आणि तोफ या तिघांची चाल वेगवेगळी असते, आणि तिघांना एकत्र चालवणं हे सेनापतीपुढचं सगळ्यांत किचकट काम असतं.

हा पेच लोखंडात ओतलेला बघायचा असेल तर नगरला जावं. कागदोपत्री आता अहिल्यानगर; एसटीच्या थांब्यावर अजून नगरच. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र तिथं आहे आणि १९९४ साली त्याच्या आधारानं उभं राहिलेलं रणगाडा संग्रहालयही. मी गेलो ते मे महिन्यात, त्यामुळं कुठल्याच रणगाड्याला हात लावून पाहायची सोय नव्हती. पत्रा तव्यासारखा तापलेला. पण मटिल्डा आणि चर्चिल या दोन ब्रिटिश रणगाड्यांपाशी मी बराच वेळ रेंगाळलो. आजूबाजूचे पॅटन, सेंच्युरियन बघताना हे यंत्र धावणारं आहे एवढं तरी कळतं. या दोघांकडं बघून तसं वाटत नाही. ते बांधल्यासारखे दिसतात, एखाद्या गढीचा कोपरा उचलून पट्ट्यांवर ठेवावा तसे. हे दोन्ही ‘इन्फन्ट्री टँक’, म्हणजे पायदळाबरोबर चालण्यासाठीच बनवलेले रणगाडे.

रणगाडा जन्माला आला तेव्हा सगळेच पायदळाच्या चालीचे होते. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या आघाडीवर पहिले ब्रिटिश रणगाडे उतरले. ताशी सहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आठवडी बाजाराला उशीर झालेला माणूस जितका भरभर चालतो तितकाच त्यांचा वेग. कामही साधं होतं. काटेरी तार तुडवायची, खंदक ओलांडायचा, मशिनगन गप्प करायची आणि मागून येणाऱ्या माणसाला वाट करून द्यायची. पुढच्या वर्षी २० नोव्हेंबरला कांब्रेला तीनशेहून जास्त रणगाडे एकदम पुढं गेले. त्यांचा सेनापती ह्यू एलिस स्वतः ‘हिल्डा’ नावाच्या रणगाड्यात झेंडा घेऊन उभा होता.

या एलिसचं नाव लक्षात ठेवावं, कारण १९३४ साली ब्रिटिश सैन्याची शस्त्रं ठरवण्याचं खातं त्याच्या हाती आलं. तोपर्यंत इंजिनं सुधारली होती आणि रणगाडे धावू लागले होते. ब्रिटिशांनी मग त्यांच्या दोन जाती पाडल्या. एक घोडदळासारखी: हलकी, वेगवान, शत्रूच्या पिछाडीला जाणारी. तिला ‘क्रूझर’ म्हणत. दुसरी पायदळाची: जाड कातडीची, संथ, माणसाची सोबत न सोडणारी. विंचूरकर वेगळे आणि गारदी वेगळे, असं कारखान्यातच ठरवून टाकलं. हा निर्णय मूर्खपणाचा होता असं आता सर्रास लिहिलं जातं. मला तो अर्धाच चुकीचा वाटतो, आणि का ते पुढं येईलच.

एलिसनं विकर्स कंपनीच्या सर जॉन कार्डनला सांगितलं: पायदळासाठी रणगाडा हवा, आणि तो स्वस्तात हवा. किंमत सहा हजार पौंडांच्या आसपास. या अटीत जे बसलं ते ए-११, म्हणजे पहिली मटिल्डा. वजन अकरा टन, चिलखत ६० मिलिमीटर, फोर्ड कंपनीचं मोटारीचं इंजिन, वेग ताशी तेरा किलोमीटर, आत दोन माणसं आणि हत्यार म्हणून एक मशिनगन. तोफच नाही! दोघांतला एक गाडी हाकणार. दुसरा टेहळणी करणार, नेम धरणार, पट्टा भरणार, हुकूम देणार आणि वायरलेसवर बोलायचं असेल तर बुरुजातून खाली वाकून बोलणार, कारण तो संच खाली बसवलेला. असे सुमारे १४० रणगाडे बनले. कार्डन मात्र १९३५ च्या डिसेंबरात विमान अपघातात गेला.

दुसरी मटिल्डा, ए-१२, हीच खरी मटिल्डा. नगरला आहे ती हीच. वजन साडेसव्वीस टन. पुढचं चिलखत ७८ मिलिमीटर आणि बुरुजाला चारी बाजूंनी ७५. हाताचं मधलं बोट आडवं धरलं तर साधारण तेवढी जाडी भरते. १९४० साली जर्मन पायदळाकडं असलेली ३७ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ यातून आरपार जाऊ शकत नव्हती. एवढं वजन ओढायला दोन डिझेल इंजिनं जोडीनं बसवली होती. लंडनच्या बस बनवणाऱ्या एईसी कंपनीची, प्रत्येकी ८७ अश्वशक्तीची. म्हणजे युद्धातला हा गजराज चालायचा तो बसच्या इंजिनांवर. रस्त्यावर ताशी चोवीस किलोमीटर, रानात त्याच्या निम्म्याच्या आसपास. ओतीव पोलादाचे एवढे मोठे भाग बनवणं जिकिरीचं असल्यानं उत्पादन रखडलं आणि सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा सैन्याच्या हाती असे दोनच रणगाडे होते. पुढं मात्र जवळजवळ तीन हजार झाले.

मटिल्डाचं एक वैगुण्य बाहेरून दिसत नाही. तिला ४० मिलिमीटरची तोफ होती. ही तोफ भरीव गोळा फेकायची, शत्रूच्या रणगाड्याला भोक पाडणारा. पायदळाला अडवतात कोण? खंदकातली मशिनगन, झुडपाआडची तोफ, वाळूच्या पोत्यांमागची माणसं. त्यांच्यावर फुटणारा गोळा हवा, ज्याच्या ठिकऱ्या उडतील. तो या तोफेला पुरवलाच जात नव्हता. पायदळाच्या मदतीला काढलेल्या रणगाड्याकडं पायदळाच्या शत्रूसाठी गोळा नाही! मोठी तोफ बसवावी म्हटलं तर बुरूज ज्या कड्यावर फिरतो ते कडं अरुंद. त्यामुळं मटिल्डा अखेरपर्यंत बहुतेक त्याच तोफेवर राहिली.

२१ मे १९४० ला फ्रान्समध्ये अरासजवळ ५८ लहान आणि १६ मोठ्या मटिल्डा जर्मन सेनापती रोमेलच्या डिव्हिजनवर चालून गेल्या. जर्मन गोलंदाजांचे गोळे त्यांच्यावर आपटून उडत होते. आपल्यावर शेकडो रणगाडे आले असं रोमेलला वाटलं. शेवटी त्यानं विमानं पाडायच्या ८८ मिलिमीटरच्या तोफा आडव्या करून लावल्या, तेव्हा मटिल्डा थांबल्या. आकाशातल्या विमानासाठी केलेली ही तोफ पुढं सगळ्याच रणगाड्यांचा काळ ठरली. नगरच्या संग्रहालयात ८८ ची तोफही आहे. मारणारी आणि मरणारा एकाच आवारात, तारेच्या कुंपणाआड शांत.

आफ्रिकेत मटिल्डाबरोबर पायी चालणारी माणसं मोठ्या संख्येनं आपली होती. ९ डिसेंबर १९४० च्या पहाटे इजिप्तमधल्या निबेवा इथल्या इटालियन छावणीवर चौथ्या भारतीय डिव्हिजननं हल्ला केला, तेव्हा पुढं मटिल्डा होत्या. छावणीत न्याहारीची तयारी चालली होती. बाहेर उभ्या केलेल्या इटालियन रणगाड्यांची इंजिनंही सुरू नव्हती. इटालियन तोफखान्याचे गोलंदाज तोफा न सोडता मेले, पण त्यांच्या गोळ्यांनी मटिल्डाला ओरखडेच पडले. छावणीचा सेनापती मालेट्टी तिथंच पडला. पायदळ आणि रणगाडा एका चालीनं गेले म्हणजे काय होतं, ते त्या सकाळी दिसलं.

पण सहा महिन्यांनी, जून १९४१ मध्ये, हाल्फाया खिंडीत तेच रणगाडे आणि तीच डिव्हिजन पुन्हा गेली. या वेळी ८८ च्या तोफा जमिनीत पुरून, नळ्या तेवढ्या जमिनीच्या बरोबरीला ठेवून जर्मन वाट बघत होते. पुढच्या तुकडीच्या जवळजवळ सगळ्या मटिल्डा जळाल्या. तोफ लपलेली, तिच्यावर टाकायला फुटणारा गोळा नाही, आणि पळून जाण्याएवढा वेगही नाही. खिंडीचं नाव इंग्रज शिपायांनी ‘हेलफायर’, नरकाग्नी, असं करून टाकलं.

या दोन प्रसंगांच्या मध्ये एरिट्रियातलं केरेन येतं, आणि तिथं मराठी माणूस थेट भेटतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण पाचव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. केरेनला जाणारा रस्ता डोंगोलास नावाच्या अरुंद घळीतून जातो आणि इटालियनांनी कडा उडवून ती घळ दगडांनी बुजवून टाकली होती. मटिल्डा आल्या, पण घळीच्या तोंडाशी थांबल्या. दोन्ही बाजूंचे डोंगर आधी पायांनी घ्यावे लागणार होते. १५ मार्च १९४१ च्या रात्री ‘पिनॅकल’ नावाच्या सुळक्यावर जी माणसं चढली त्यांत ही मराठा पलटण होती. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला डोंगर नवा नव्हता. वरून येणारे हातबॉम्ब नवे होते. डोंगर ताब्यात आल्यावर सॅपर्सनी घळ मोकळी केली आणि २७ मार्चला मटिल्डा त्या वाटेनं पलीकडं गेल्या. इथं उलटं घडलं होतं. पायदळानं रणगाड्याला वाट करून दिली.

व्हॅलेंटाइन हा पायदळी रणगाड्यांतला सगळ्यांत जास्त बनलेला, आठ हजारांहून अधिक. त्यांतले चौदाशे कॅनडात, रेल्वेच्या कारखान्यात तयार झाले आणि बहुतेक रशियाला गेले. साधा, भरवशाचा, आत अडचणीचा. भारताच्या बाजूनं त्याची आठवण कडू आहे. १ फेब्रुवारी १९४३ ला ब्रह्मदेशात आराकानच्या किनाऱ्यावर डोनबाइकच्या जपानी मोर्च्यांवर भारतीय ब्रिगेडच्या मदतीला अवघे आठ व्हॅलेंटाइन दिले गेले. इतक्या थोड्या रणगाड्यांनी काही होणार नाही, असं जनरल स्लिमनं आधीच बजावलं होतं. काही नाल्यांत रुतले, काहींना तोफांनी टिपलं. हल्ला फसला.

चर्चिल हा या जातीचा शेवटचा आणि सगळ्यांत हट्टी गडी. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर ब्रिटिशांना तातडीनं रणगाडे हवे होते आणि व्हॉक्सहॉल या मोटार कंपनीनं वर्षभरात हा उभा केला. घाई इतकी, की पहिल्या गाड्यांबरोबरच्या पुस्तिकेत कंपनीनंच एक पान जोडलं होतं: यात दोष आहेत, आम्हाला ठाऊक आहेत, आम्ही ते काढतो आहोत. गिऱ्हाइकाला इतकं खरं सांगणारी कंपनी मी दुसरी ऐकलेली नाही. वजन जवळजवळ चाळीस टन, इंजिन ३५० अश्वशक्तीचं. ऑगस्ट १९४२ मध्ये दीएपच्या किनाऱ्यावर कॅनडाच्या सैन्यानं तो पहिल्यांदा उतरवला. पायाखाली गोटे, समोर भिंत. किनाऱ्यावर लागलेल्यांपैकी निम्मेच वरच्या रस्त्यापर्यंत पोचले आणि एकही परत आला नाही.

मग तो टिकला कसा? चढणीमुळं. नगरला चर्चिलच्या बाजूला उभं राहून पाहा. पट्टा पार पुढून वर जाऊन गाडीच्या अंगाभोवती फिरतो, पहिल्या महायुद्धातल्या रणगाड्यासारखा. खाली दोन्ही बाजूंना अकरा-अकरा लहान चाकं, प्रत्येकाला स्वतःची स्प्रिंग. त्यामुळं गाडी जमिनीला घोरपडीसारखी धरून राहते. पट्ट्यांची दोन शिंगं पुढं आल्यानं आतून कडेचं नीट दिसत नाही, ही त्याची किंमत. बाजूच्या चिलखतात एक गोल दार आहे. त्यातून वाकून आत डोकावलं की पोलादाच्या जाडीची कड दिसते आणि मग ‘१५२ मिलिमीटर’ हा पुढच्या चिलखताचा आकडा अंगावर येतो. अर्ध्या वितीहून जास्त. हे आधीच्या दीडपट जाड चिलखत सातव्या आवृत्तीत आलं, आणि त्यापायी वेग आणखी घटून ताशी वीसवर गेला. कोणी तक्रार केली नाही. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात लाँगस्टॉप टेकडीवर चर्चिल चढले, तेव्हा इथं रणगाडा येईल असं वर बसलेल्या जर्मनांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याच महिन्यात चर्चिलच्या मारापुढं एक टायगर रणगाडा जर्मनांनी जागेवर सोडून दिला. तो आज इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात आहे. आणि पुढं चर्चिलला ७५ मिलिमीटरची तोफ मिळाली, जिचा गोळा फुटायचा.

९ एप्रिल १९४५. इटलीतली सेनियो नदी. नदी म्हणावी तर रुंदीला फार नाही, पण दोन्ही काठांना पुरासाठी घातलेले मातीचे उंच बांध, आणि त्या बांधांत बोगदे खोदून बसलेले जर्मन. आठव्या भारतीय डिव्हिजनच्या दिमतीला चर्चिल होते, आणि त्यांत ‘क्रोकोडाइल’ नावाचा अवतारही, मागं इंधनाची गाडी ओढणारा आणि नळीतून शंभराहून अधिक मीटर आग फेकणारा. दिवसभर विमानं आणि तोफा झाल्या, संध्याकाळी पलीकडच्या बांधावर आगीचे लोळ पडले. त्यानंतर पाण्यात उतरायचं होतं ते शिपायानंच. रणगाड्यांसाठी पूल उभा राहीपर्यंत थांबायला वेळ नव्हता.

मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत नामदेव जाधव नावाचा शिपाई कंपनीचा निरोप्या होता. गाव निमज, संगमनेरजवळचं, म्हणजे नगर जिल्ह्यातलंच. पलीकडच्या बांधाशी त्याच्याबरोबरची तुकडी मशिनगनच्या तोंडी सापडली आणि जवळपास सगळी कापली गेली. जाधवांनी एका जखमीला खोल पाण्यातून, चढ्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या जमिनीतून अलीकडं आणलं. परत जाऊन दुसऱ्याला आणलं. मग तिसऱ्यांदा एकटे गेले, मशिनगनचे तीन मोर्चे एकामागून एक संपवले आणि बांधाच्या माथ्यावर उभं राहून पलटणीची आरोळी ठोकत बाकीच्यांना हातानं बोलावलं. त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच रात्री, त्याच डिव्हिजनच्या, सरहद्द प्रांतातल्या अली हैदर या शिपायालाही तोच मान मिळाला. नगरच्या आवारातला चर्चिल सेनियोवर होता की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. निमजचा माणूस ज्या जातीच्या रणगाड्यांच्या पाठबळानं त्या पाण्यात उतरला, ती जात त्याच्याच जिल्ह्यात येऊन विसावली, एवढं मला पुरे आहे.

तर संथ आणि वेगवान अशी वाटणी चुकीची होती का? लपलेल्या ८८ समोर उघड्या वाळवंटात संथपणा जीवघेणा ठरला, हे खरं. पण माझ्या मते वेगापेक्षा तोफेनं जास्त घात केला. गोळा बरोबर मिळाल्यावर चर्चिलच्या संथपणाबद्दल पायदळातल्या कुणी कुरकूर केल्याचं माझ्या वाचनात नाही. ऑस्ट्रेलियन सैन्यानं तर जुनाट मटिल्डा १९४५ पर्यंत न्यू गिनी आणि बोर्निओच्या जंगलात वापरली. तिथं दहा पावलांपलीकडं दिसत नाही, मग वेग घेऊन करायचं काय?

मराठवाड्यानं रणगाडा जवळून पाहिला तो १९४८ साली, आणि तो या जातीचा नव्हता. उदगीर तेव्हा निजामाच्या बिदर जिल्ह्यात. आमच्याकडं ज्याला अजून ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात, त्या कारवाईत १३ सप्टेंबरच्या पहाटे भारतीय फौज सोलापूरहून निघाली. नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला आणि चिलखती दल जळकोटवरून त्याच दुपारी उमरग्यात पोचलं. एका दिवसात निजामाच्या हद्दीत साठ किलोमीटर आत. त्यात पूना हॉर्सचे शेरमन होते, अमेरिकी बनावटीचे, दोन्ही कामांना चालणारे. १७ तारखेला निजाम शरण आला. निजामाची फौज बैलाच्या चालीनं ज्या मुलखातून गेली होती, त्याच्या शेजारचाच हा रस्ता.

दोन्ही कामं एकाच गाडीनं करायची, हे तोवर ब्रिटिशांनाही पटलं होतं. त्यातून सेंच्युरियन आला: उतरतं चिलखत, विमानाच्या इंजिनावरून बेतलेलं साडेसहाशे अश्वशक्तीचं इंजिन, चांगली तोफ. क्रूझर आणि इन्फन्ट्री या दोन्ही जाती तिथं मिटल्या. निजामाच्या हैदराबाद लान्सर्समधला एक तरुण अधिकारी विलीनीकरणानंतर पूना हॉर्समध्ये आला होता, मुंबईत जन्मलेला, अर्देशीर तारापोर. १९६५ च्या सप्टेंबरात सियालकोटच्या आघाडीवर त्यानं ही पलटण सेंच्युरियनवर बसून लढवली. ११ तारखेला जखमी झाल्यावर मागं जायला नकार दिला आणि १६ तारखेला तो पडला. त्याला परमवीरचक्र मिळालं.

सेंच्युरियन धावणारा होता, तरी त्याच्या पाठीमागच्या पत्र्यावर एक छोटी पेटी बसवलेली असे. तिच्यात टेलिफोनचा रिसीव्हर. रणगाड्यामागून पायी चालणाऱ्या शिपायानं झाकण उघडायचं, रिसीव्हर कानाला लावायचा आणि आतल्या माणसाला सांगायचं, डावीकडच्या त्या बांधामागं मशिनगन आहे, जरा हळू घे.